तुमचं ते वाद्य, आमचा तो गोंगाट

गणपती जवळ आले की पेपरवाल्यांना संगीत आठवतं. एरवी ज्यांच्या घरात रेडिओसुद्धा शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही असा कुजबुजतो, ते सगळे एकदम संगीताचे राखणदार होऊन दारात उभे राहतात. अग्रलेख येतात. वाचकांची पत्रं येतात. कुणी निवृत्त प्राध्यापक लिहितो, डीजेवाल्याला कसलं आलंय संगीत, तो नुसती बटणं दाबतो, त्यापेक्षा आपली पारंपरिक वाद्यं वाजवा.

पारंपरिक! हा शब्द ऐकला की माझ्या बापजाद्यांच्या पाठीवरचे वळ जागे होतात. हे पारंपरिक वाद्य गावोगाव कोणाच्या गळ्यात होतं, का होतं, आणि वाजवल्याबद्दल हातात काय पडत होतं, हे या प्राध्यापकाला माहीत नाही असं नाही. चांगलं माहीत आहे. म्हणून तर तो 'वाद्य' म्हणतो. 'वाजवणारा' म्हणत नाही.

मी गोदीत माल उचलतो. मॅट्रिक झालोय, पुढे नाही. सरगम मला येत नाही. पण ठोका कळतो. गोदीत चार जणांनी मिळून धूड उचलताना ज्याला ठोका कळत नाही त्याचा पाय जातो, आणि पाय गेला की खाडा लागतो. त्या भांडवलावर हे लिहितोय. संगीत विशारदाचा दाखला बघूनच वाचायचं असेल त्यांनी इथंच पान उलटावं.

आधी कोर्टाचं बघू. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात ना, साधारण तेवढा आवाज. २०१८ च्या सप्टेंबरात मुंबई हायकोर्टाने विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेला मोकळीक द्यायला नकार दिला. ठीक आहे. कायदा आहे. मग आलं २०२४. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्याच्या पीठाने ढोलताशा पथकांना वेसण घातली, एका पथकात तीसच माणसं. पुण्यावर आभाळ कोसळलं. दोन आठवड्यांत सुप्रीम कोर्टाने ती अट थांबवली, आणि थांबवताना, वाजवू द्या त्यांना, ढोलताशा हे पुण्याचं काळीज आहे, अशा अर्थाचं बोललं गेलं.

काळीज! दोस्तांनो, पन्नास ढोल आणि वीस ताशे एका गल्लीत एकदम वाजले की काय ५५ डेसिबल होतात? डेसिबलचा काटा जात बघत नाही. तो ढोलालाही हलतो, स्पीकरलाही हलतो. जात बघतो तो कान. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे ज्यांनी म्हणून ठेवलं त्यांना महाराष्ट्राचं संगीतशास्त्र पुरतं कळलं होतं.

पथकातल्या पोरापोरींशी माझं भांडण नाही. इंजिनियर असतील, बँकेत असतील, दोन महिने मुठेच्या काठाला सराव करतात, कमरेला ढोल बांधून आठ-आठ तास उभं राहणं म्हणजे खायचं काम नाही. फरक एवढाच की त्यांचा ढोल त्यांनी स्वतःच्या हौसेने बांधला. आवडला नाही तर सोमवारी सोडून ऑफिसला जातील. आमच्या आज्याच्या गळ्यात हलगी गावाने बांधली होती. ती सोडायची सोय नव्हती.

पाटलाच्या पोराचं लग्न, वाजव. देवीची पालखी, पुढे चालत वाजव, पण देवळाची पायरी चढू नको. गावात कुणी मेलं, तिरडीपुढे वाजव. पोळ्याला बैलापुढे वाजव. सरकारी फर्मान आलं, दवंडी पिटव. कुस्तीचा फड भरला, वाजव. आणि मजुरी? बलुतं. खळ्यावरचं मातेरं. लग्नात मांडवाच्या बाहेर, सगळ्यांच्या पंगती उठल्यावर, उरलं तर. मांगाच्या, महाराच्या हातातलं वाद्य म्हणजे कला नव्हती, ते काम होतं. झाडू जसा काम, मेलेलं ढोर ओढणं जसं काम, तशी हलगी. भातखंड्यांनी राग लिहिले, चिजा लिहिल्या, जन्म घातला त्यात, मान्य. हलगीचे बोल त्या पोथ्यांत शोधून दाखवा.

आणि हे बोल काय साधे आहेत? हलगी म्हणजे हातभर रुंदीचं कडं, त्यावर ताणलेलं कातडं. ना सा, ना पंचम. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. जाड टिपरू जमिनीवर चालतं, बारीक काडी हवेत उडते. दोन्ही हातांना दोन वेगळी डोकी लागतात. कातडं दमट हवेत सैल पडतं म्हणून वाजवणारा आधी गवत-पाचट पेटवून ते शेकतो, बोटाने टिचकी मारून ऐकतो, परत शेकतो. हा त्याचा तंबोरा लावणं. फरक इतकाच की तंबोरा लावताना सभागृह श्वास रोखून बसतं आणि हलगी शेकताना लोक म्हणतात, आटप रे.

कुस्तीच्या फडात नीट बघ कधी. हलगी, घुमकं, कैताळ. वाजवणाऱ्याची नजर आपल्या हाताकडे नसते, पैलवानाच्या खांद्याकडे असते. जोड खडाखडी करत फिरते तोवर लय चालती. एकाने पट काढायला वाकायचा अवकाश, ठोका दाट झाला. सुटला, परत चालती. चितपट झाली की जो कडकडाट उठतो तो वर्षभर पोटात राहतो. कागद नाही, ताल लिहिलेला नाही, पुढच्या क्षणाला काय होणार ते कुणालाच माहीत नाही, आणि तरी ठोका चुकत नाही. बैठकीत तबलजी गवयाचा अंदाज घेत असं वाजवतो तेव्हा तुम्ही त्याला 'साथसंगत' म्हणता आणि माना हलवता. फडातला हलगीवाला तेच करतो, समोर गवई नसून दोन धिप्पाड माणसं असतात, एवढंच.

म्हणजे कसब होतं. कसब कायमच होतं. किंमत नव्हती.

म्हणून तर आमच्या मागच्या पिढ्यांनी ती फेकली. १९२७ ला महाडला पाणी पेटलं, त्यानंतर गावोगाव मेलेली ढोरं ओढणं सुटलं, येसकरकी सुटली, भाकर मागणं सुटलं, त्याबरोबर वाजवणंही अनेकांनी सोडलं. १९५८ च्या कायद्याने महारवतनाची शेवटची गाठ सुटली. आज काही शहाणे हळहळतात की अरेरे, धर्मांतराने लोककला बुडाली. रडायचं तर तुम्ही रडा. गुलामीचं वाद्य ज्याने वाजवलं त्याला ते फोडायचा पहिला हक्क असतो. आणि बुडालं कुठे? भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला. अण्णाभाऊंनी तमाशातला गण काढून लोकनाट्य उभं केलं. वामनदादा गावोगाव फिरत २००४ पर्यंत गात राहिले. तीच ढोलकी, तेच तुणतुणं, तीच पेटी. पण आता पाटलाच्या मांडवात नाही, आपल्या मांडवात. वाद्य तेच, मालक बदलला. ही खरी क्रांती, आणि ती कुठल्या संगीत सभेत झाली नाही.

हे आपल्याच राज्यातलं दुखणं आहे असं समजू नका. तमिळ मुलखात परई नावाचं असंच हातातलं चामड्याचं वाद्य, ते वाजवणाऱ्यांच्या नावावरून इंग्रजांनी 'बहिष्कृत' या अर्थाचा शब्द उचलला, आज तो जगभर चालतो. तिथल्या पोरांनी मयतीला परई वाजवायला नकार दिला आणि मोर्च्यात वाजवायला घेतली. आणि मृदंगम्, जो सगळ्यात सोवळा? त्याला गाईचं, म्हशीचं, बकऱ्याचं कातडं लागतं. ते कमावून मढवणारे हात दलितांचे. टी. एम. कृष्णा या ब्राह्मण गवयाने त्या कारागिरांवर २०२० साली पुस्तक काढलं, तर चेन्नईच्या कलाक्षेत्राने प्रकाशनाला आधी दिलेलं सभागृह काढून घेतलं. वाजवायला कातडं चालतं. त्याचा वास नको.

आता परंपरेचाच हिशेब काढलाय तर पुरता काढू. पेटी, म्हणजे हार्मोनियम, आज भजनात, नाट्यसंगीतात, ख्यालात जी मांडी घालून बसली आहे ती बाई युरोपातून आली. १९४० साली आकाशवाणीने तिला हाकलून दिलं होतं. परकी आहे, मींड निघत नाही, कान बिघडवते. तीस वर्षं बंदी! १९७१ ला दार किलकिलं झालं. आज पेटीला परकी म्हणून बघा, बुवा अंगावर येतील. लालबाग-परळच्या पोरांची बँजो पार्टी घ्या. ती बँजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं बुलबुलतरंग, मूळ जपानी, १९१२ साली नागोयात निघालं. बटणं दाबूनच वाजतं ते! गिरणीतल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, कर्ण्यावर चढवलं आणि साऱ्या मुंबईला नाचवलं. तेव्हाही हेच प्राध्यापक 'काय हा गोंगाट' म्हणत खिडक्या लावत होते. आता तेच लिहितात, डीजे नको, आपली बँजो बरी. म्हणजे परंपरा म्हणजे काय? तर ज्या गोंगाटाला पन्नास वर्षं झाली तो गोंगाट.

बटण दाबणं हे ज्यांना काम वाटत नाही त्यांना मी गोदीत घेऊन येतो. क्रेनवाला काय करतो? दांडा ओढतो. ओढा ना तुम्ही. दहा टनाचं पोलादाचं वेटोळं वाऱ्यात झुलत असतं, खाली आमची डोकी असतात. दांडा किती ओढायचा, कधी सोडायचा, झोका उलटा यायच्या आधी कुठं गाठायचा, हे त्याच्या मनगटात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. हात बटणावर असला म्हणून कसब बटणात नसतं.

डीजेगिरीचा जन्मच मुळात असा मनगटात झाला. कुठं झाला? जिथं वाद्य विकत घ्यायची ऐपत नव्हती तिथं. न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ज्या काळ्या पँथरांचं नाव घेऊन, त्यांच्याच भाऊबंदांची वस्ती. मधून हमरस्ता काढून मोहल्ले कापलेले, घरमालक विम्याच्या पैशासाठी इमारती जाळतायत. तिथं ११ ऑगस्ट १९७३ ला क्लाइव्ह कँपबेल नावाच्या अठरा वर्षांच्या, जमैकाहून आलेल्या पोराने इमारतीच्या हॉलमध्ये गाणी वाजवली. बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते म्हणून तिनेच तो कार्यक्रम ठेवला होता, तिकीट लावून. लोक त्याला कूल हर्क म्हणायचे.

त्याने काय केलं ते समजून घे. गाण्यात एक जागा येते, गाणारा गप्प होतो, बाकीचे थांबतात, नुसता ड्रम उरतो. आपल्याकडे शाहीर दम खातो आणि ढोलकीवाला सुटतो ना, ती जागा. पब्लिक नेमकं तिथं पेटतं. पण ती असते काही सेकंदांची. हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आणल्या. एकीवर ती जागा संपत आली की दुसरीवर तीच जागा सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. काही सेकंदांची ढोलकी पाच-पाच मिनिटं. म्हणजे त्याने काय केलं? साऱ्या गाण्यातून गवयाला बाजूला सारून मागच्या रांगेतल्या ताल धरणाऱ्याला पुढे आणून बसवलं.

मग आला जोसेफ सॅडलर, ग्रँडमास्टर फ्लॅश. धंदेशिक्षणाच्या शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. तबकडीवर खडूने खुणा करून घड्याळासारखे फेरे मोजत त्याने ठोका बिनचूक पकडायची रीत बसवली, आणि पुढची तबकडी फक्त आपल्या कानात ऐकू यावी म्हणून खटका स्वतः जोडला. मग थिओडोर नावाचं पोरगं. आई खोलीत येऊन आवाज कमी कर म्हणून ओरडली, त्याने फिरती तबकडी हाताने धरली, पुढेमागे केली, आणि जो खर्र खर्र आवाज निघाला त्याने जगाला नवं वाद्य दिलं. आईचा ओरडा जगातल्या कुठल्याही गुरुकुलापेक्षा फलदायी, हे आपल्या वस्तीत वेगळं सांगायला नको. बागेत वाजवायचे तर करंट कुठून? रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून. आकडा टाकून! हे वाचलं तेव्हा मला ब्रॉन्क्स समजलं.

तेव्हा डीजे हा वादक आहे का, हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी निकालात निघालाय. आता आपल्या गल्लीत येऊ. इथं प्रकरण इतकं सरळ नाही, आणि सदाशिव पेठेला हाणून झालं म्हणून आपल्याला सुटका नाही.

चांगला डीजे काय करतो ते आधी ऐक. जयंतीची मिरवणूक, टेम्पो चालतोय. एक गाणं मिनिटाला ९६ ठोक्यांचं, पुढचं १०४ चं. एक कान गर्दीला, दुसरा हेडफोनला. पुढच्या गाण्याचा ठोका तो कानातल्या कानात चालत्या गाण्यावर सरकवत आणतो, बत्तीस मात्रांचं आवर्तन मोजतो, आणि समेवर सोडतो. तिहाई घेऊन समेवर येणाऱ्या तबलजीचं गणित आणि हे गणित एकाच जातीचं. एक क्षण मागेपुढे झालं तर पब्लिकच्या डोक्याला नंतर कळतं, पायाला आधी. आता तुम्ही म्हणाल की हल्ली यंत्रच ठोका जुळवतं, सिंकचं बटण आहे. आहे ना. पण ते बटण प्रल्हाद शिंद्यांच्या काळातल्या गाण्यावर लावून बघा! त्या गाण्यांत माणसं एकत्र बसून वाजवत. मुखड्याला ढोलकी एका चालीत, अंतऱ्याला रंग चढला की अंमळ पुढे, परत मुखड्याला खाली. माणसाचा श्वास तो, खालीवर होणारच. यंत्राची मोजपट्टी सरळ, ढोलकीची चाल नागमोडी. चार ओळींत यंत्र भरकटतं. तिथं डीजेला बटण सोडून हाताने चाकी धरावी लागते, मेलेल्या ढोलकीवाल्याचा श्वास मोजत त्याच्याबरोबर चालावं लागतं. जो हे करतो तो माझ्या लेखी वादक. त्याने त्या ढोलकीवाल्याची साथ केली, चाळीस वर्षांनंतर.

पण असे किती? टेम्पोवर उभे असतात त्यातले बहुतेक ऑपरेटर. पेनड्राइव्ह खुपसला, आधी जोडून ठेवलेलं दोन तासांचं मिक्स लावलं, आणि हात हवेत. त्याला वादक म्हणू नका, त्यालाही राग येणार नाही. त्याला विचार, तुझं कौतुक काय? तो सांगेल, बारा बेस, बारा टॉप. कान नाही सांगणार, वॅट सांगेल. आणि आपणही तेच म्हणतो. आपल्या वस्तीत 'डीजे आला' म्हणजे माणूस आला असा अर्थच नाही. टेम्पो आला, भिंत आली. प्राध्यापक म्हणतो 'वाद्य', आपण म्हणतो 'भिंत'. वाजवणारा तिथंही नाही, इथंही नाही.

आणि आवाजाचं. गोदीत कानाची वाट लागलेली म्हातारी माणसं मी रोज बघतो, त्यांच्याशी बोलायचं तर खांदा हलवावा लागतो. ८५ डेसिबल रोज आठ तास, त्याच्या वर कान शिल्लक राहायची हमी नाही. १०० ला ती हमी पंधरा मिनिटांची. भिंतीपुढे तीन वर्षांचं पोर खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या बापाला हे कोण सांगणार? अग्रलेखवाला त्याच्या झोपेसाठी बोलतो. मी त्या पोराच्या कानासाठी बोलतोय. जे पोर उद्या हलगीचं बारीक टिपरू ऐकू शकणार नाही ते ना वादक होईल, ना डीजे.

आणखी एक दुखणं आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. १९६९ साली अमेरिकेत विन्स्टन्स नावाच्या बँडने एक तबकडी काढली. तिच्या मागल्या बाजूच्या गाण्यात ग्रेगरी कोलमन नावाच्या काळ्या ड्रमवाल्याने सहा-सात सेकंद एकट्याने वाजवलं. ते सहा-सात सेकंद पुढे हजारो गाण्यांत कापून घातले गेले. त्या तुकड्यावर नाचांचे प्रकारच्या प्रकार उभे राहिले, कंपन्या गब्बर झाल्या. कोलमनला छदाम मिळाला नाही. २००६ साली तो बेघर अवस्थेत मेला. हेच आपल्याकडे चालू आहे रे! 'हलगी मिक्स', 'संबळ मिक्स' म्हणून जे दणदणतं त्यात कुणीतरी खरी हलगी वाजवलेली असते. कुणी? कुठल्या गावचा? स्टुडिओत बोलावून एका दुपारचे किती टेकवले? गाण्यावर मिक्स करणाऱ्याचं नाव तीनदा ओरडून येतं, हलगीवाल्याचं एकदाही नाही. पाटील बलुतं तरी द्यायचा, सडकं का होईना. इथं तेही नाही. हात कापून पेनड्राइव्हमध्ये ठेवला आणि माणूस घरी पाठवला.

गोदीतले म्हातारे कंटेनरची गोष्ट अशीच सांगतात. १९८९ ला न्हावा शेवा सुरू झालं. आधी जहाजाच्या पोटात टोळी उतरायची, गोणी, पेट्या, गासड्या हाताने लागायच्या, टोळीला मुकादम, मुकादमाची हाक, हाकेवर सगळ्यांचा ठोका. कंटेनर आला, एक क्रेन, एक माणूस. टोळ्या विरघळल्या. आता याला क्रेन जबाबदार का? क्रेनवाला आपलाच. क्रेन ज्याची, त्याने वाचलेली मजुरी खिशात घातली. तसंच बारा माणसांच्या ताफ्याची सुपारी आता एका टेम्पोला जाते, टेम्पोवरच्या पोराला दिवसाची हजेरी मिळते, बाकीचा पैसा साउंडच्या मालकाच्या घरात. तो मालक बहुतेक ठिकाणी आपल्यातला नाही. हलगीवाला आणि डीजे यांना एकमेकांच्या अंगावर सोडून हा मालक गणपतीलाही कमावतो, जयंतीलाही कमावतो, आणि वाचकांच्या पत्रांत त्याचं नाव कधी येत नाही.

आपल्यातले काही वडीलधारे म्हणतात, डीजे लावून जयंती म्हणजे बाबासाहेबांचा अपमान, जयंती वाचून साजरी करा. वाचा ना, कोण नको म्हणतं. पण चौदा एप्रिलला आपली माणसं रस्त्यावर नाचतात त्यात काही लाज नाही. ज्या रस्त्याने आपल्या पणज्याला थुंकायला मडकं बांधून जावं लागलं त्या रस्त्यावर पणतू दोन्ही हात वर करून नाचतो, मला ते बघून रडू येतं आणि मी पण नाचतो. प्रश्न नाचण्याचा नाही. प्रश्न असा की नाचताना वाजतंय कोणाचं, वाजवतंय कोण आणि पैसे कोणाला. आमच्याच भागातल्या एका मंडळाने एका जयंतीला साउंडवाल्याला अख्खा ऍडव्हान्स मोजला आणि सोलापूरकडून आलेल्या हलगीच्या ताफ्याला मिरवणूक संपल्यावर म्हणाले, निम्मे घ्या, बाकीचं बघू. हे 'बघू' मी ओळखतो. हे खळ्यावरचं 'बघू' आहे. निळ्या झेंड्याखाली ते ऐकायची माझी तयारी नाही.

म्हणून तुझ्या मंडळाच्या मीटिंगला जाशील तेव्हा डीजे का हलगी, असा ठराव येऊ देऊ नकोस. दोन्ही बोलव. डीजेला सांग, भिंत नको, दोन बेस दोन टॉप, आणि पेनड्राइव्ह घरी ठेव, समोर बसून मिक्स करता येत असेल तर ये. त्याच्या शेजारी हलगी, घुमकं, कैताळ उभं कर आणि त्यांना माइक दे. डीजेने ठोका यंत्राकडून घ्यायचा नाही, हलगीकडून घ्यायचा. हलगी दाट झाली की त्याने मागोमाग जायचं. जमतं की नाही ते तिथंच दिसेल, आणि ज्याला जमेल तो खरा. मिरवणुकीच्या बोर्डावर वाजवणाऱ्यांची नावं घालायची, गावासकट, अध्यक्षाच्या नावाएवढ्या अक्षरात. हलगीवाल्याचे बोल कुणी मोबाइलवर धरून गाण्यात घातले तर आधी ठरलेले पैसे, आणि गाण्यावर नाव. सुपारी सगळ्यांची सारखी, ऍडव्हान्स सगळ्यांना, तोही मिरवणुकीच्या आदल्या दिवशी. आणि ताफ्यात वस्तीतली चार पोरं-पोरी शिकायला लाव. गळ्यात बांधून नाही, हातात देऊन. सोडावीशी वाटली तर सोडतील.

खजिनदार म्हणेल, बजेट नाही. मागच्या वर्षीची पावतीबुकं मागून घे. कमानीला किती गेले, लायटिंगला किती, फ्लेक्सला किती ते बघ. त्या फ्लेक्सवर बाबासाहेब एका कोपऱ्यात असतात आणि बाकीच्या जागेत भावी नगरसेवकांची थोबाडं. त्या थोबाडांचे चौरस फूट मोज, भावाने गुण, आणि तेवढे पैसे कैताळवाल्याच्या हातात ठेव.